पडतोय म्हणून काढून टाकताय?

सकाळी चहा घेता घेता सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज वाचला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. "नवीन बसवलेला आरसीसीबी सारखा पडतोय. इलेक्ट्रिशियन नुसता फॉल्ट शोधायचे आठशे मागतोय. कुणाकडे स्वस्तातला माणूस आहे का, जो हे काढून डायरेक्ट करून देईल?" (आरसीसीबी म्हणजे कुठे करंट गळला की आपोआप पडून घराची वीज तोडणारा स्विच. डायरेक्ट म्हणजे तो वगळून वायरी सरळ जोडणं.) खाली चौदा अंगठे. एकाने लिहिलंय, "आमच्याकडचा दोनशेत करतो." दुसऱ्याने, "आम्ही कधीच काढला, निवांत आहोत."

निवांत!

अहो, ज्या घरात सत्तर हजारांचा टीव्ही आहे, त्या घरात आठशे रुपये जड झाले? पोराच्या वाढदिवसाचा केक बाराशेचा आणतो आपण. त्याचा फोटोही टाकतो. आणि एक माणूस म्हणतोय की तुमच्या घरात कुठे करंट गळतोय ते मी शिडीवर चढून, एकेक लाइन सुटी करून शोधतो, तर तो लुटारू!

मला हे बोलायचा काय अधिकार, तर सांगते. हाच मूर्खपणा मी स्वतः केलाय.

2014 चे गणपती. सांगलीचं सासरचं जुनं घर, मागे अंगण, अंगणात पाण्याची मोटर. घरात माणसं वीस-बावीस, दारात लायटिंगच्या माळा. आणि त्यात ईएलसीबी पडायचा. (आता सगळे आरसीसीबी म्हणतात, आमच्या घरात अजून ईएलसीबीच म्हणतात.) कधी सकाळी, कधी नेमका आरतीच्या वेळी. सगळं घर अंधारात, टाळ्या तशाच चालू, आणि अंधारातून सगळ्यांच्या नजरा माझ्यावर, कारण थोरली सून मी.

आमचे नेहमीचे वायरमन काका आले. आयटीआय केलेले, खिशाला टेस्टर, बोलणं कमी. डीपीसमोर, म्हणजे घरातल्या स्विचच्या पेटीसमोर, उभे राहून म्हणाले, "वैनी, कुठंतरी गळतंय. एकेक लाइन येगळी करून बघाय लागंल. अर्धा दिस जाईल. चारशे द्या."

मी म्हटलं, "काका, पाहुणे आहेत हो घरात. आत्ता डायरेक्ट करून द्या, विसर्जनानंतर बघू."

काका म्हणाले, "ते मी करत न्हाई." पिशवी उचलली आणि गेले.

राग आला मला. भाव खातात म्हटलं. चौकातल्या एका पोराला बोलावलं. त्याने ईएलसीबीच्या आउटपुटच्या वायरी काढून सरळ इनपुटला जोडल्या, सात मिनिटांत. दीडशे रुपये घेतले, वर प्रसाद खाऊन गेला. घर लखलखलं. सगळे म्हणाले, बघ, किती सोपं होतं.

थांबा, पुढचं नंतर सांगते. आधी एक गोष्ट, कारण चौदा अंगठ्यांपैकी निम्म्यांना ती माहीत नसणार. "आमच्याकडे एमसीबी आहेत की" असं म्हणणारे खूप भेटतात. एमसीबी तुमच्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. जास्त लोड आला, शॉर्ट झालं, की वायर जळू नये म्हणून तो पडतो. सोळा अँपिअरच्या एमसीबीला तुमच्या अंगातून जाणारा करंट म्हणजे किस झाडाची पत्ती. माणसाचा जीव जायला मिलिअँपिअरमध्ये मोजावा इतकाच करंट पुरतो. आरसीसीबी फक्त हिशोब करतो: फेजमधून जेवढा गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का? 30 मिलिअँपिअरची तूट दिसली की डोळ्याची पापणी लवायच्या आत बंद. सोळा अँपिअर म्हणजे त्याच्या पाचशे पटीहून जास्त. आता सांगा, कुणाच्या भरवशावर राहायचं?

मान्य, लुटणारेही असतात. होल्डर बदलायचे साडेतीनशे घेणारा मलाही भेटलाय. परवाना असलेला प्रत्येक जण काम चोख करतो असंही नाही. कधीकधी आरसीसीबीच खराब निघतो. बरं, मग नवीन घाला. काढायचा कशाला?

तर अंगणातली मोटर. चौथ्या दिवशी सकाळी तिने पाणी ओढणं सोडलं, म्हणून सासूबाई तांब्या घेऊन मोटरमध्ये पाणी घालायला गेल्या. अनवाणी, ओल्या फरशीवर, आणि मोटर बंद न करता, कारण पाणी घालताना आमच्या घरात ती कुणीच कधी बंद करत नव्हतं. एक हात मोटरवर टेकला. मला तांब्या पडल्याचा आवाज आला. बघते तर त्या उभ्याच, पण हात सुटत नाही, तोंडातून आवाज नाही, नुसते डोळे मोठे.

आमचे हे धावले, त्यांना धरायला. आणि मागून भांडी घासणाऱ्या मावशी किंचाळल्या, "हात लावू नका! मेन पाडा, मेन!" आणि कुणी हलायच्या आत स्वतःच पळत जाऊन मेन स्विच खाली ओढला. नंतर विचारलं, मावशी, तुम्हाला कसं सुचलं? म्हणाल्या, "आमच्या गल्लीत बघितलंय. कपडे वाळत घालायच्या तारंला चिकटलेल्या बाईला नवरा धरायला गेला." पुढे काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

सासूबाई वाचल्या. उजव्या तळहातावर रुपयाएवढा भाजल्याचा पांढरा डाग राहिला. अजून आहे. त्या पोळ्या लाटतात तेव्हा तो दिसतो मला. त्या आजतागायत त्यावरून मला एक शब्द बोललेल्या नाहीत, आणि हे बोलण्यापेक्षा वाईट आहे.

दुपारी काका आले. बोलावलं नव्हतं, कुणाकडून तरी कळलं असणार. त्यांनी मोटरची लाइन सुटी केली आणि तासाभरात सापडलं. वाइंडिंगमध्ये ओल शिरून मोटरच्या बॉडीत करंट उतरत होता, आणि मोटरची अर्थिंगची तार, गळलेला करंट जमिनीत नेणारी, गेल्या उन्हाळ्यात अंगणाची फरशी घालताना गवंड्याने छाटून टाकली होती. मध्ये येत होती म्हणून. हिरव्या वायरीचं टोक सिमेंटमधून बोटभर वर आलेलं, आम्ही सगळे रोज त्याला ओलांडून जात होतो. आणि मोटर लावायची वेळ आणि ईएलसीबी पडायची वेळ एकच होती, हे बावीस माणसांत एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

काकांनी चारशेच घेतले. मी पाचशेची नोट दिली तर शंभर परत केले.

आता लिहितानाही हात थरथरतोय, तर थोडं हळू घेते.

त्या चौकातल्या पोरावर मी बरीच वर्षं खापर फोडलं. पण खरं सांगू का, त्याचा काय दोष? एकोणीस-वीस वर्षांचा असेल, कुणाच्या तरी हाताखाली वायर ओढता ओढता शिकलेला. त्याला आपणच शिकवतो की आम्हाला दुरुस्ती नको, लाईट पाहिजे. गीझरच्या सॉकेटमध्ये अर्थिंग आलेलंच नसतं, तर तो न्यूट्रलमधून छोटा तुकडा अर्थच्या पिनेला मारून देतो. टेस्टिंगला सगळं ठीक दिसतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की गीझरच्या अख्ख्या बॉडीत करंट उतरतो, आणि आपण शॉवरखाली. हे त्याला कुणी सांगितलंय? आणि आपण तरी कधी विचारलंय की बाबा, अर्थिंग चेक केलंस का? आपण विचारतो, "किती झाले? काहीतरी कमी करा."

आपल्या घरात काय चालतं ते बघा ना. थ्री पिनच्या वरच्या भोकात पेन खुपसून टू पिन बसवतो. ती वरची पिन लांब का असते माहितेय? अर्थ आधी जोडला जावा आणि शेवटी सुटावा म्हणून. आपण तिथे रिफिल घालतो. लग्नकार्यात उघड्या वायरी सॉकेटमध्ये घालून आगपेटीच्या काड्या ठोकतो. दोन हजार वॅटचा गीझर, म्हणजे जवळपास नऊ अँपिअर, सहा अँपिअरच्या एक्स्टेंशनवर लावतो आणि प्लग गरम झाला की "कंपनी फालतू आहे" म्हणतो. वर महावितरणला शिव्या. मीटरनंतरचं सगळं आपलं असतं हो!

जाऊ दे. चिडून लिहिलं की लोक वाचत नाहीत असं लेक म्हणते.

तिलाच मघाशी डीपीपाशी नेलं आणि आरसीसीबीवरचं ते छोटं टी लिहिलेलं बटण दाबायला लावलं. आरसीसीबी चालतोय का बघायला महिन्यातून एकदा दाबायचं असतं ते. खटकन घर बंद झालं, तिचा ऑनलाइन क्लास तुटला, आतून ह्यांचा आवाज, "आता काय झालं?" काही नाही, म्हटलं, चालतंय.

मग ग्रुपवर लिहिलं, की तो आठशेवाला माणूस आहे ना, त्याचा नंबर मला पाठवा आणि उद्या त्यालाच बोलवा. पैसे मी देते.

दोन तास झाले. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. सहावा मजला आहे त्या मेसेजवाल्यांचा. चहा झाला की जाऊनच येते.