शिसं, काकाचे दात आणि माझ्याकडचा सीएफएलचा खोका

काल दुकानात एक इंजिनिअरिंगचं पोरगं आलं, प्रोजेक्टचं सर्किट सोल्डर करून हवं होतं. मी नेहमीची ६०-४० ची सोल्डरची तार (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) काढली तर मला म्हणतंय, काका ह्यात शिसं असतंय, लेड-फ्री नाही का? म्हटलं आहे की बाबा, पण तुझ्या बोर्डाचं कॉपर आधीच निम्मं उचललंय, ६०-४० वितळते १९० डिग्रीच्या आत आणि लेड-फ्रीला २१७ च्या वर जावं लागतंय, राहिलेलं पण निघून येईल.

खरं सांगायचं तर मलाही हा लेड-फ्रीचा नियम बरीच वर्षं नसती कटकट वाटायचा. युरोपनं २००६ ला आणला, आपल्याकडं ई-कचऱ्याच्या नियमांतून आला. नव्या मालात शिसं ०.१ टक्क्याच्या वर नको, आणि ते अख्ख्या टीव्हीच्या वजनात नाही बरं का, त्या टिपक्याएवढ्या सोल्डरच्या वजनात!

पण मग माझा काका आठवतो. नवी पेठेत त्याच्या टेबलाशी बसूनच मी शिकलो. एका हातात आयर्न, दुसऱ्यात चिमटा, मग तार धरायची कुठं, तर दातात. दिवसभर. आणि दुपारी त्याच हातानं शेंगाचटणी-भाकरी, हात पँटला पुसून. लोक धुराला भितात, तो धूर तारेतल्या रोझिनचा, म्हणजे राळेचा असतोय (तो पण छातीला चांगला नाहीच), आयर्नच्या साडेतीनशे डिग्रीला शिशाची वाफ होत नाही, ते बोटांवरून पोटात जातंय. म्हणजे इथं साबण पाहिजे, आणि साबणावर कुणाचा नियम नाही.

त्यामुळं नियम जास्त कडक आहे असं मी आता म्हणत नाही. माझं डोकं फिरतंय ते मापावर. माझं अर्ध्या किलोचं रीळ, त्यात शिसं २०० ग्रॅम, मला दोन-तीन महिने पुरतंय. आणि घरोघरी जिन्याखाली बसलेली इन्व्हर्टरची बॅटरी? पन्नास किलोच्या वर, त्यात निम्म्याहून जास्त शिसं, म्हणजे माझी शंभरावर रिळं एका डब्यात! तिला वेगळे नियम आहेत, २००१ चे, मग २०२२ चे, जुनी परत घ्यायची म्हणून. आणि गंमत म्हणजे ती खरंच परत जाती, पण नियमामुळं नाही, भंगाराला भाव आहे म्हणून. पुढं ती फुटती कुठं ते विचारू नका. एकदा पाहिलंय मी, ॲसिड सरळ नाल्यात आणि प्लेटा उघड्या भट्टीवर, शेजारी पोरं खेळतायत.

ज्याला भाव नाही त्याला तर वालीच नाही बे. पॉवरलूमच्या शेडमधल्या जुन्या ट्यूबा, घरातल्या सीएफएल, पारा थोडाच, काही मिलिग्रॅम, पण घंटागाडीत बल्ब फट्कन फुटतो तेव्हा तो पारा त्या गाडीवरच्या माणसाच्या नाकात जातोय. कागदावर ही जबाबदारी कंपनीची. भंगारवाला हात लावत नाही, म्हणतोय काचेचं काय करू.

माझ्या काउंटरमागं असा एक खोका पडलाय, चाळीसेक सीएफएल असतील, गिऱ्हाईक ठेवून जातंय, मी फेकत नाही. सोलापुरात कुणी रीतसर घेत असेल तर कमेंटमध्ये सांगा की, दिवाळीच्या साफसफाईआधी हलवायचाय, बायको रोज विचारती.