चढावर दम टाकणारी गाडी ‘नॉर्मल’ कशी?

आज सर्व्हिस सेंटरमधून दादाला फोन आला. "सर, गाडी पूर्ण चेक केली, फॉल्ट काही नाही. नॉर्मल आहे." फोन स्पीकरवर होता, आई शेजारीच बसलेली. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली.

नॉर्मल? चाळीसगाव सोडून कन्नडचा घाट चढताना, आई मागच्या सीटवर असताना गाडीतला जीवच गेला. दादानं ॲक्सिलरेटर तळाला लावला तरी गाडी उचलेना. स्क्रीनवर पाटी: ड्राइव्हट्रेनमध्ये (इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेत) बिघाड, पूर्ण पॉवर मिळणार नाही. एका अंगाला दरी, मागून पिकअपवाले हॉर्नवर हॉर्न, आणि आई सप्तशृंगी मातेचं नाव घेतेय. करपा, वादळ, पडलेले भाव सोसून केळीच्या पैशांतून घेतलेली ८५ लाखांची गाडी आहे ही!

मी इंजिनिअर नाही, पण एवढं आता पक्कं कळलंय. काही गडबड जाणवली की कॉम्प्युटर इंजिन वाचवायला स्वतःच ताकद कमी करतो. त्यालाच लिम्प मोड म्हणतात. पाटीवर ड्राइव्हट्रेन आलं म्हणजे गिअरबॉक्सच गेला असं नसतं. सेन्सर, इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा पाइप, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर म्हणजे डीपीएफ, काहीही असू शकतं. बंद करून चालू केली की पाटी बऱ्याचदा जाते, पण बिघाडाचा कोड कॉम्प्युटरच्या मेमरीत राहतो. मग तो कोड कुठेय? जॉबकार्डवर एक अक्षर नाही.

त्या दिवशी कशीबशी गाडी वळवून खाली चाळीसगावला आणली. तिथल्या मिस्त्रीनं बॉनेट उघडून इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या भागाच्या, रबरी पाइपवरून बोट फिरवलं. क्लॅम्पजवळ काळा तेलकट ओलावा, त्यावर धूळ चिकटलेली. नखानं दाबलं तर बारीक चीर उघडली. "ताई, सपाटीला ही मिटलेली राहते. चढावर टर्बोचं प्रेशर आलं की फाकते. वॉरंटीत आहे, मी हात लावत नाही, कंपनीत दाखवा."

दाखवलं. फोटोसुद्धा पाठवला. त्यांनी काय केलं? सपाट रस्त्यावर एकट्या ड्रायव्हरनं चक्कर मारली. अरे, बिघाड चढावर होतो तर चढावर न्या ना! स्कॅनर लावा, लोड देऊन बघा!

दादा गाडी गावातल्या गावात फिरवतो, त्यानं डीपीएफमध्ये काजळी साचते, हे मान्य. मग तसं लिहून द्या.

फोनवरच्या पोराचा राग नाही माझा. बोलण्यावरून आपल्याच भागातला वाटला, डिप्लोमा करून नुकता लागलेला असेल. वरून सांगितलं तेच वाचत होता बिचारा. शेवटी "काकूंना जपा" म्हणाला, तेव्हा मलाच कसंतरी झालं.

पण वरच्यांना सोडणार नाही. जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंतच्याच व्यवहाराची तक्रार चालते. त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. म्हणजे महाग गाडी घेतली की दादही लांब जाऊन मागायची!

दादाला सांगितलंय, कोडचा प्रिंट आणि घाटातली टेस्ट ड्राइव्ह झाल्याशिवाय डिलिव्हरीच्या कागदावर सही करायची नाही. राज्य आयोगात गाडीची केस चालवलेला वकील कुणाच्या ओळखीत असेल तर इनबॉक्स करा.