लायसन्स नाही, हे आधी सांगायला काय झालं होतं?

काल रात्री पावणेदोनला लॅपटॉप मिटला, पण झोप आली नाही. २२,००० रुपये. एका सेकंडहँड यंत्राचे, पॅडवर बोट मारलं की लॅपटॉपमधला आवाज वाजवणाऱ्या. रोख मोजून दिलेत. सोळा पॅड, आठ नॉब, दोन छोटे स्क्रीन, आणि दोन्ही स्क्रीनवर एकच ओळ: सॉफ्टवेअर सुरू करा. सॉफ्टवेअर सुरू करायला जावं तर ते म्हणतं, हा सिरियल नंबर दुसऱ्या खात्यावर नोंदवलेला आहे. पुढे रस्ता बंद. पॅडवर बोट मारा नाहीतर मूठ मारा, आवाज फुटत नाही.

लायसन्स नाही. दोन शब्द. विकताना एवढं सांगायला जीभ जड झाली होती?

एका शुक्रवारी ते घ्यायला म्हापशाला गेलो होतो. बाजाराचा दिवस, फोंड्याहून पणजीत बस बदलून, दोन्ही बसमध्ये उभ्याने. विकणारा मुलगा शिवोलीहून आला. बाजारामागच्या एका चहाच्या हॉटेलात बसलो. त्याने पिशवीतून यंत्र काढलं, स्वतःच्या लॅपटॉपला जोडलं आणि सोळाच्या सोळा पॅड पेटले. "पळय, सगळें चलता," म्हणाला. मी हेडफोन लावून एकेक पॅड चारचार वेळा वाजवला, हलक्या बोटाने, जोरात, कडेला, मधोमध. खालच्या ओळीतले डावीकडचे दोन पॅड ड्रमचे किक आणि स्नेअर हे आवाज मारून मारून गुळगुळीत झाले होते, बाकीच्यांचा खरखरीतपणा शाबूत होता. यूएसबीच्या तोंडाशी खाऱ्या हवेने हिरवं धरलं होतं, ते दाखवून मी पाचशे रुपये कमी करून घेतले. जुनी पेटी घेताना भाता बघतात, सूर बघतात, पट्टी दबून तर राहत नाही ना हे बघतात, तसं सगळं बघितलं. ज्याच्यावर सगळं अडलंय ते त्या डब्यात नव्हतंच. ते त्याच्या लॅपटॉपात होतं आणि तो लॅपटॉप तो पिशवीत घालून घेऊन गेला.

घरी आल्यावर पहिला फोन केला तेव्हा म्हणाला, रिसेट मारा. मारला. दुसऱ्या फोनला म्हणाला, नवीन खातं उघडा. उघडलं. तिसऱ्या फोनला मी आवाज चढवला तेव्हा खरं बाहेर आलं: त्याने स्वतः हे सेकंडहँडच घेतलेलं, मूळ मालक कोणीतरी परदेशी, सीझन संपल्यावर निघून गेला, नाव धड माहीत नाही. मग तुझ्याकडे चालत कसं होतं? तर क्रॅक. चहाच्या हॉटेलात मला जे वाजवून दाखवलं ते चोरीचं सॉफ्टवेअर होतं! आणि वर मला सांगतो, "तुम्हीपण क्रॅक टाका ना, लिंक पाठवतो." मी नाही म्हणालो. त्या दिवसापासून त्याच्या नंबरावर एक टिक पडते, दुसरी पडतच नाही.

हे "क्रॅक टाक" ऐकलं की माझं टाळकं सरकतं. गेली बारा वर्षं ऐकतोय. गावातला प्रत्येक पोरगा येऊन तेच सांगतो, जणू मी अडाणी आहे. अरे, आपण आवाजाचा धंदा करतो. आपण केलेलं रेकॉर्डिंग कोणी फुकट उचललं तर आपण भांडायला जातो, आणि दुसऱ्याने वर्षानुवर्षं खपून लिहिलेला प्रोग्राम फुकट उचलताना हात थरथरत नाही? मी पैसे भरतो. नसतील तर थांबतो. गेल्या वर्षी दोन घरगुती कार्यक्रमांचे पैसे बाजूला ठेवून एक सॉफ्टवेअर घेतलं, त्याची पावती अजून फाईलमध्ये आहे. आणि आज माझ्यावरच दार लावलंय. क्रॅकवाल्याचे पॅड पेटतात, माझे विझलेले.

आता कंपनी. मेल लिहिली, यंत्राचे चारही बाजूंचे फोटो लावले, स्टिकरवरचा नंबर लावला. सहा दिवसांनी उत्तर आलं. मूळ मालकाने त्याच्या खात्यातून ट्रान्सफर सुरू करावी. त्याचं खरेदीचं बिल जोडावं. मूळ मालक! ज्याला मी कधी पाहिला नाही, जो कुठल्या देशात आहे ते कोणाला माहीत नाही, त्याने उठून माझ्यासाठी बटण दाबायचं. मी पुन्हा लिहिलं की यंत्र माझ्या टेबलावर आहे, नुसते पॅड तरी चालू करून द्या. तेच उत्तर, शब्द न बदलता. खाली सही वेगळ्या माणसाची.

मिडी मोडवर चालव, असं सांगायला कोणी येऊ नका. मिडी म्हणजे वाद्यं आणि लॅपटॉप एकमेकांशी बोलतात ती सगळ्यांना खुली भाषा. ते पहिल्याच रात्री करून बघितलं. या यंत्राला मिडी मोडमध्ये टाकायलाही कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला यंत्र ओळखायला लावणारा प्रोग्राम, लागतो, ड्रायव्हर उतरवायला खात्यात यंत्र नोंदवावं लागतं, आणि खातं हा नंबर घेत नाही. फिरून तिथेच.

मिडीचं नाव काढलं म्हणून सांगतो. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेत नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथेसायझर एका केबलने जोडले आणि एकावर बोट ठेवलं तर दुसरा वाजला. दोन वेगळ्या देशांतल्या, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या. सिक्वेन्शियलचा डेव्ह स्मिथ आणि रोलंडचा इकुतारो काकेहाशी यांनी ते घडवून आणलं आणि कोणाकडून एक पैसा रॉयल्टी न घेता सगळ्यांना वापरायला दिलं. २०१३ साली दोघांना त्यासाठी टेक्निकल ग्रॅमी मिळालं. माझ्या खोलीत एक जुना कीबोर्ड आहे, मागे पाच पिनांचं गोल सॉकेट असलेला. तीन मालक बदलून माझ्याकडे आला. आजही केबल लावली की लॅपटॉपशी बोलतो, आधी कोणाच्या घरी होतास असं त्याला कोणी विचारत नाही. रॉजर लिनने आकाई कंपनीसाठी केलेलं पॅडचं यंत्र, एमपीसी६०, घ्या. १९८८ चं. त्यालाही सोळाच पॅड. त्याची फ्लॉपी घाला, चालू करा, वाजतं. म्हणजे हे करता येत होतं. पस्तीसहून जास्त वर्षांपूर्वी येत होतं. आता मुद्दाम करत नाहीत.

माझ्या वडिलांनी म्हार्दोळच्या एका घरातून जुनी पेटी घेतली होती, पालिताण्याच्या सुरांची. त्या घरात ती कुठून आली होती ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. भात्याचं कातडं दोनदा बदललं, काळी चारचा सूर एकदा घासून घेतला. आमच्याकडे तिच्यावर तीन पिढ्यांनी भजनं म्हटली. वस्तू विकत घेणं म्हणजे काय, ते मी त्या पेटीवरून शिकलो. घेतली की आपली. दुरुस्त करा, वाजवा, विका, कोणाला तरी देऊन टाका. या सोळा पॅडच्या डब्यात स्क्रू माझे, रबर माझं, धूळ माझी, आणि तो वाजवायचा की नाही हे ठरवणार दुसराच.

काल रात्री पावणेदोनपर्यंत हेच वाचत बसलो होतो, हे कायद्यात बसतं तरी कसं. अमेरिकेत २०१० साली व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क खटल्यात अपील कोर्टाने म्हटलं की सॉफ्टवेअरचं खोकं विकत घेतलं तरी तुम्ही मालक होत नाही, फक्त लायसन्सधारक. युरोपात उलट. ३ जुलै २०१२ ला युरोपियन न्यायालयाने यूजडसॉफ्ट विरुद्ध ओरॅकलच्या निकालात सांगितलं, कायमचं लायसन्स पैसे घेऊन विकलंत ना, मग पहिला घेणारा ते पुढे विकू शकतो, फक्त स्वतःकडची प्रत त्याने बंद करायची. साधा, सरळ न्याय. ते वाचून बरं वाटलं आणि लगेच पुन्हा संताप आला, कारण माझ्या प्रकरणात पहिला घेणाराच गायब आहे. निकाल कितीही चांगला असो, बटण त्याच्याच खात्यात.

आणि हा पहिला फटका नाही. पाच वर्षांपूर्वी एक प्लगिन, म्हणजे आवाजाच्या सॉफ्टवेअरला जोडायचा प्रोग्राम, घेतलं, त्याची डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावायची किल्ली, वेगळी. विकणाऱ्याने सीडी दिली, पुस्तिका दिली, खोकं दिलं, डोंगल "घरी राहिली, पाठवतो". ती आलीच नाही. लायसन्स डोंगलमध्ये होतं! त्याआधी फायरवायरच्या केबलचा एक सुंदर इंटरफेस, म्हणजे माइक आणि वाद्यं लॅपटॉपला जोडायचा डबा, आठ इनपुट, आवाज वाढवणारे प्रीअँप असे की अजून आठवण येते. दोन वर्षांत नव्या ऑपरेटिंग सिस्टीमला त्याचा ड्रायव्हर मिळेना. आठ इनपुटचं लोखंड माळ्यावर पडलं आणि पावसाळ्यात त्याच्या नॉबवर पांढरी बुरशी चढली. नवीन मागवावं तर किमतीवर कस्टम, कुरियर, आणि हातात येईपर्यंत दीड महिना. म्हणून माणूस जुनं घेतो. हौस म्हणून घेत नाही.

जाहिरातींचा तर मला वीट आलाय. "मिंट कंडिशन". "फुल्ली वर्किंग". "ओन्ली सीरियस बायर्स". काळोखात पॅड पेटवून काढलेले फोटो. लायसन्सचा एक शब्द नाही. विचारलं तर "सगळं आहे त्यात". काही कंपन्या ट्रान्सफर करू देतात, काही त्याचे पैसे घेतात, यंत्राबरोबर फुकट दिलेलं सॉफ्टवेअर काही कंपन्या दुसऱ्याच्या नावावर करूच देत नाहीत. हे विकणाऱ्याने माहीत करून घ्यायचं असतं. पैसे हातात घ्यायच्या आधी, घेणाऱ्यासमोर बसून, स्वतःच्या खात्यातून नंबर काढून द्यायचा असतो. दहा मिनिटांचं काम. घर विकताना किल्ल्या खिशात ठेवून माणूस निघून जातो का?

आणि मला हे यंत्र खोलीत मांडून ठेवायला नको होतं. आमच्या गावच्या जत्रेला उत्सवी नाटक असतं, मराठी, देवळाच्या प्राकारात, आणि पार्श्वसंगीत माझ्याकडे. गेल्या वर्षी पौराणिक होतं. तिसऱ्या अंकात ऋषी शाप देतो आणि त्याच क्षणी वीज कडाडायला हवी. लॅपटॉपवरून वाजवत होतो. रंगमंचावर काळोख, स्क्रीनचा उजेड मास्तरांनी कमी करायला लावलेला, माऊसचा बाण सापडेना. वीज कडाडली ती शापाचं वाक्य संपून, पुढच्या पात्राने "क्षमा, मुनिवर" म्हणून हात जोडल्यावर. लोक हसले. ऋषीचं काम करणारा आमचा गडी बँकेतून सुटून रोज रात्री अकरापर्यंत तालमीला यायचा, दोन महिने. पडदा पडल्यावर तो मला काही बोलला नाही. नुसता दाढी काढत बसला होता. ते मला वर्षभर सलतंय. बोटाखाली पॅड हवा, न बघता, हे मी त्या रात्रीच ठरवलं, आणि त्यासाठीच हे पैसे जमवले.

जत्रा एकोणीस दिवसांवर आली. पोलिसांत जावं तर बिल नाही, पावती नाही, यंत्र तर "चालतं".

आज रात्री आठला तालीम आहे. दुपारी तो पाच पिनांचा जुना कीबोर्ड खाली काढला, एकेका पट्टीवर आवाज बसवला. शंख, घंटा, घोड्याच्या टापा, पावसाची सर. काळोखात बोटाला कळावं म्हणून पट्ट्यांवर कापडी टेप चिकटवली, वेगवेगळ्या जाडीची. वीज सगळ्यात डावीकडच्या पट्टीवर ठेवली, तिथे टेपचे तीन थर. मास्तरांना फोन करून सांगितलं, ऋषीला जरा लवकर बोलवा, शापाचा प्रवेश आधी चारपाच वेळा करून घेऊ.