फी नाही, पण बारा लाख आधी दाखवा

बारावीचा निकाल लागला की गोव्यातल्या घरगुती ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. भजनी मंडळाचा ग्रुप असो, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा असो की वाड्यावरच्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या वर्गणीचा, कुठून तरी तो येतोच. मजकूर थोडक्यात असा: ‘युरोपात शिक्षण फुकट आहे. जर्मनीत एक रुपया फी नाही. आठवड्याला वीस तास काम केले की राहण्याजेवण्याचा खर्च सुटतो. सगळे इंग्रजीत, भाषेची अडचण नाही. आपल्या गोवेकरांना तर पोर्तुगीज पासपोर्टही आहे. शिक्षण संपले की तिथेच नोकरी. मग इथे लाखांनी डोनेशन कशाला? जागे व्हा, पुढे पाठवा.’

मी जर्मनीत मास्टर्स करून आले आणि आता वेर्ण्याला नोकरी करते. त्यामुळे हा मेसेज घेऊन लोक माझ्याकडे येतात, आणि ‘खरे की खोटे, एका शब्दात सांग’ म्हणतात. एका शब्दात सांगण्यासारखे ते नाही. धादांत खोटे असते तर सोपे होते. यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात थोडे खरे आहे, म्हणूनच शहाणीसुरती माणसेही फसतात.

आधी डोनेशनचे बघू. फर्मागुडीच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात डोनेशन कोण मागतो? आणि हा मेसेज बारावीच्या पालकांना पाठवण्यातच मोठी गफलत आहे. आपल्या बारावीवर जर्मन विद्यापीठाच्या पदवीला थेट प्रवेश सहसा मिळत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास असेल किंवा इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात किमान एक वर्ष यशस्वी झाले असेल, तर दार उघडते. नाही तर ‘श्टुडिएनकोलेग’ नावाचे वर्षभराचे तयारीचे शिक्षण घ्यायचे. तेही बहुतेक जर्मनमधून, प्रवेशपरीक्षा देऊन. सरकारी विद्यापीठांतले पदवीचे बहुसंख्य अभ्यासक्रमही जर्मनमध्येच चालतात. आपली मुले तिकडे जातात ती मुख्यतः इथली पदवी हातात घेऊन, मास्टर्सला. म्हणजे मेसेजवाला ज्याला ‘इथे शिकू नका’ म्हणतो, त्याला तिथे पोहोचायला आधी इथेच शिकावे लागते.

‘युरोपात शिक्षण फुकट’. कुठल्या युरोपात? स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२३ मध्ये युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली. फ्रान्सच्या सरकारी विद्यापीठांत २०१९ पासून बाहेरच्यांसाठी वेगळी, चढी फी आहे. उरला जर्मनी. तिथे बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांत फी नाही हे खरेच. दर सत्राला शे-दोनशे, कुठे तीनशेच्याही वर युरोंची वर्गणी भरायची, आणि त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रामचा पासही येतो. पण श्टुटगार्ट, हायडेलबर्ग, कार्ल्सरूह ही शहरे ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहेत, तिथे २०१७ पासून बाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १५०० युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्रामागे ४००० ते ६००० युरो फी सुरू केली. आणि खाजगी विद्यापीठे तर वेगळीच. त्यांची फी वर्षाला हजारो युरो असते, आणि एजंटाला कमिशन मिळते ते तिथून, सरकारी विद्यापीठातून नव्हे. ‘जर्मनीत फुकट’ असे फलक लावून बसलेला माणूस शेवटी कुठल्या विद्यापीठाचा फॉर्म पुढे करतो, ते नीट बघावे.

आता पैशाचे मुख्य दुखणे. व्हिसासाठी जर्मन बंदिस्त खात्यात, ज्याला ते ‘श्पेरकोन्टो’ म्हणतात, एका वर्षाचा खर्च आधी भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा ११,९०४ युरो आहे. तिथे गेल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरो सुटतात. पैसे आपलेच असतात, बुडत नाहीत. पण युरो शंभर रुपये धरला तरी जवळजवळ बारा लाख एकरकमी आधी उभे करायचे. ‘तिथे जाऊन काम करीन’ हे सांगून व्हिसा मिळत नाही. त्याआधी कागदपत्रे तपासणाऱ्या ‘एपीएस’चे प्रमाणपत्र, जे भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचे आहे आणि ज्याची फी अठरा हजार रुपये आहे. मग भाषेची परीक्षा, विमा, विमान.

बारा लाख कुठून येतात? बँकेतून. आणि साडेसात लाखांच्या पुढे बँका सहसा तारण मागतात. इथे गोव्याची गोष्ट सुरू होते. गेल्या वर्षी वाळपईजवळच्या गावातले एक गृहस्थ मुलीच्या कर्जासाठी कागद घेऊन आमच्याकडे आले होते. काजूची बागायत चांगली, उत्पन्न चांगले. पण एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा उघडला तर त्यावर आजोबांचे नाव, आजोबांच्या दोन भावांचे, आणि एका अशा आत्याचे, जिचे वारस आज कुठे आहेत ते कुणाला ठाऊक नाही. वाटण्या कधी झाल्याच नव्हत्या. आमच्या सत्तरी तालुक्यात तर कित्येकांचे त्याहून कठीण. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसतात, पण मोकाशाच्या, म्हणजे जुन्या इनामदाराच्या, किंवा आल्वाराच्या, म्हणजे पोर्तुगीज सरकारने कसायला दिलेल्या जमिनीवर स्वतःचे नावच नाही. जिथे नाव आहे तिथेही आपल्या नागरी कायद्याने नवरा-बायकोचा निम्मा-निम्मा वाटा, म्हणजे दोघांची सही हवी, आणि सहहिस्सेदार असतील तर त्यांचीही. बँकेचा माणूस सभ्य होता, चहा पाजला, आणि म्हणाला, ‘मालकी स्पष्ट नाही, आमचा वकील पास करणार नाही.’ बागायत डोळ्यांसमोर उभी, फळाला आलेली, आणि कागदावर तिची किंमत शून्य. मेसेजमधल्या ‘एक रुपया फी नाही’ या वाक्याने त्या घरात काय फरक पडला?

(गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना आहे. तिच्या अटी आधी नीट विचारून घ्या. मेसेजमध्ये तिचा उल्लेख मला तरी कधी दिसला नाही.)

‘वीस तास काम केले की खर्च सुटतो.’ हा हिशेब मी मुद्दाम करून बघते, कारण कागदावर तो सुटतो. २०२६ मध्ये जर्मनीतले किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. आठवड्याला वीस तास, म्हणजे महिन्याला बाराशे युरोच्या आसपास. पेन्शनची वजावट जाऊन हजार-अकराशे हातात. खात्यातल्या ९९२ पेक्षा जास्तच की! मग अडते कुठे?

अडते ते पहिल्या काही महिन्यांत, जेव्हा काम मिळालेले नसते. आणि त्यानंतर अडते ते घड्याळात. पूर्णवेळ मास्टर्सचे एक सत्र ३० क्रेडिटचे. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. म्हणजे सहा महिन्यांत साडेसातशे ते नऊशे तास, आठवड्याला सरासरी तीस-पस्तीस, परीक्षा जवळ आली की चाळीसच्या वर. त्यावर वीस तासांचे काम, त्यावर जाणे-येणे, स्वयंपाक, कपडे. ‘मुले तिकडे मजा करतात’ म्हणणाऱ्या आजीने हे आकडे बघावेत.

आणि जर्मन न येणाऱ्याला मिळते ते काम कोणते? विद्यापीठातच प्राध्यापकाच्या हाताखाली काम मिळाले तर नशीब. बाकी सायकलवरून जेवण पोहोचवणे, उपाहारगृहात भांडी, आणि पार्सलचे गोदाम. गोदामाची पाळी पहाटे चारला. तेवढ्या पहाटे ट्रामचा भरवसा नाही, म्हणून उणे तापमानात सायकल. पट्ट्यावरून खोकी येत राहतात, पिनकोडप्रमाणे डावीकडे-उजवीकडे टाकायची. हातमोजा काढून नाक पुसायला गेलात की दोन खोकी पुढे गेली, आणि मुकादम ओरडलाच. आठला सुटायचे आणि सव्वाआठच्या तासाला जाऊन बसायचे. मी बसत असे. प्राध्यापक काय बोलत होते ते मात्र मला नंतर वहीतूनच कळे. यात कमीपणा काही नाही, हे इथेच सांगून टाकते. भांडी घासली म्हणून नाक मुरडणाऱ्या आपल्याकडच्या पाहुण्यांचा मला जास्त राग येतो. मुद्दा प्रतिष्ठेचा नाहीच. बहुतेक ठिकाणी एका विषयाच्या परीक्षेला ठरावीक संधी असतात, साधारण तीन. तिसऱ्यांदा नापास म्हणजे त्या अभ्यासक्रमातून बाहेर, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही पुन्हा घेता येत नाही. आपल्याकडच्यासारखी केटी, म्हणजे राहिलेला विषय, लोंबकळत ठेवून वर्षे काढण्याची सोय तिथे नाही. पाळीवरून आलेल्या डोक्याने ती तिसरी संधी घालवलेली मुले मला माहीत आहेत. त्यांचे नाव कुठल्या मेसेजमध्ये येत नाही.

कायद्याचीही मर्यादा आहे. २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. सुट्ट्यांत पूर्ण दिवस काम करून चार पैसे मागे टाकायचे, असा सगळ्यांचा बेत असतो. ती मोठी सुट्टी आणि लांबलेल्या परीक्षा नेमक्या ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, आणि चवथही तेव्हाच. गणपतीवर टांगलेली फळाफुलांची माटोळी व्हिडिओ कॉलवर बघायची, तीही उन्हाळ्यातल्या साडेतीन तासांच्या फरकाने. आरती इथे रात्री साडेआठला, तिथे मुलगी पाचला गोदामातून बाहेर पडतेय.

‘भाषेची अडचण नाही.’ इंग्रजीतल्या मास्टर्सच्या वर्गात नाही. वर्गाच्या बाहेर सगळीकडे आहे. खोली शोधण्यापासून सुरुवात. सामायिक घरातली खोली हवी तर मुलाखत असते. स्वयंपाकघरात चारजण बसून विचारतात, तू सफाईची पाळी पाळशील का, रात्री उशिरा फोनवर बोलतेस का. दहानंतर शांतता हा तिथे विनोदाचा विषय नाही. म्युनिकमध्ये साध्या खोलीला सातशे-आठशे युरो, म्हणजे त्या ९९२ मधून आरोग्यविम्याचे दीडशेच्या आसपास गेले की जेवायला काय उरले ते तुम्हीच मोजा. पूर्वेकडच्या छोट्या शहरांत निम्म्यात भागते, म्हणून विद्यापीठ निवडताना मी शहराचे भाडे आधी बघायला सांगते. अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत. किल्ली हातात येण्याआधी ती मागणारा घरमालक बहुतेक वेळा घरमालक नसतोच.

खोली मिळाली की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, घरमालकाच्या सहीच्या कागदासह. ती नाही तर कराचा क्रमांक मिळायला उशीर, पगार अडकतो, निवासपरवान्याचे पुढे सरकत नाही. आणि टपालपेटीवर आपले आडनाव चिकटवायचे. हे कुणी सांगत नाही. कचेऱ्या अजून पत्राने बोलतात, जर्मनमध्ये, आणि पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलाची परवान्याची तारीख अशीच हुकली. पाकीट परत गेले, पुढची तारीख मिळायला महिने गेले. इंग्रजी त्याचे उत्तम होते.

पोर्तुगीज पासपोर्टचे जरा सविस्तर, कारण बाकीच्या मराठी मुलखात हा प्रश्नच नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून नागरिकत्व मिळू शकते, हे खरे. त्याने फीत मोठा फरक पडतो, हेही खरे. नेदरलँड्समध्ये युरोपीय नागरिकाला वर्षाला अडीच हजार युरोंच्या आसपास फी, भारतीयाला त्याच्या कैक पट. स्वीडन, फिनलंडची फी तर माफच. पण पासपोर्ट ‘आहे’ म्हणजे काय? पोर्तुगीज काळातल्या दाखल्यावरचे नाव आणि आजच्या आधारवरचे नाव जुळवण्यातच घरोघरी वर्षे जातात. बारावीच्या सुट्टीत होणारे ते काम नाही. शिवाय १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे परक्या देशाचे नागरिकत्व आपणहून घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. मग ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयाचे कार्ड. मत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने येईल तेवढीच. अठरा-वीस वर्षांच्या पोराने फीच्या सवलतीसाठी हे सोडावे की नाही, ते त्या घराने ठरवावे. पण ‘जास्तीचा फायदा’ म्हणून एका ओळीत उरकण्यासारखा तो व्यवहार नाही. आणि इंग्लंडमधल्या स्विंडनला नातेवाईक आहेत म्हणून तिकडचे स्वप्न बघणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, ३१ डिसेंबर २०२० नंतर त्या पासपोर्टवर नव्याने तिथे मोकळेपणी जाता येत नाही, आणि फीही परदेशी विद्यार्थ्याचीच पडते.

‘तिथेच नोकरी’ याबद्दल फार लिहीत नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला जर्मनी अठरा महिने देतो. ज्यांचे जर्मन बी-वन, बी-टू या मधल्या पायऱ्यांच्या पुढे गेले त्यांना नोकऱ्या मिळाल्या, ज्यांनी ‘इंग्रजी पुरते’ यावर विसंबून दोन वर्षे घालवली त्यांचे अठरा महिने भाषेच्या वर्गातच संपले.

वाळपईच्या त्या मुलीचे पदवीचे शेवटचे वर्ष आहे. ती शनिवार-रविवारी ऑनलाइन जर्मन शिकते, आणि वडील वाटण्यांच्या कामासाठी वकिलाकडे खेटे घालताहेत. एजंटाकडे जाणार असाल तर त्याला चारच गोष्टी लेखी विचारा: विद्यापीठ सरकारी की खाजगी, त्या शहरात खोलीचे भाडे किती, अभ्यासक्रमात परीक्षेच्या संधी किती, आणि या प्रवेशावर तुम्हाला कमिशन कोण देते. चौथ्याचे उत्तर आधी घ्या.