सोसणं, सांगणं आणि न सांगणं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आणि बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' या दोन आत्मकथनांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मनापासून आणि रागाने लिहिलंत. दोन ओळींत आभार मानून बाजूला ठेवावी अशी ती प्रतिक्रिया नाही. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. लक्ष्मीबाई टिळकांचं हसू हे सोसण्यावर घातलेलं पांघरूण आहे आणि मी त्याचं कौतुक करून नवऱ्याचा जाच गोड करून दाखवला, हा तुमचा पहिला आक्षेप. त्या नवऱ्याकडे, म्हणजे कवी ना. वा. टिळकांकडे, परत गेल्या त्या नाइलाजाने, त्याला मी नात्याची ओढ म्हटलं, हा दुसरा. बेबी कांबळे यांनी नवऱ्याची मारहाण पुस्तकात लिहिलीच नाही, म्हणजे त्यांचं आत्मकथन अपुरं, हा तिसरा. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, असली पुस्तकं आजच्या मुलींच्या हातात द्यावीत का?

पांघरूण घातलं की खालचं दिसत नाही. 'स्मृतिचित्रे'त तर सगळं दिसतं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं, नानांचं, सोवळं आठवा. नानांच्या सासऱ्यांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्यानंतर नानांना विटाळाचं वेड लागलं. घरात येणारी चीजवस्तू धुतल्याशिवाय आत येईना. त्या धुण्यात आईचा आणि मुलांचा जन्म चालला. एका कर्त्या पुरुषाच्या भीतीपायी अख्खं घर कसं वेठीला धरलं जातं, हे इतक्या बारकाईने मराठीत फार थोड्यांनी लिहिलं असेल. वाचताना हसू येतं, मलाही येतं. पण त्या हसण्यात नानांना माफी कुठे आहे? सरकारची दहशत थेट मोरीपर्यंत कशी पोचली, ते लेखिकेने दाखवलं. आपण वडिलांचा नुसता राग करून थांबलो असतो. तिला वडिलांची भीतीही दिसली आणि तिच्यापायी पिचलेली आईही.

आता टिळक. शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला भेटले ते फुलांमुलांचे कवी. ते तापट होते, लहरी होते, हातातला पैसा समोरच्याला देऊन मोकळे होत, बायकोला न सांगता घरातून निघून जात, हे आपल्याला इतकं जवळून कळलं ते त्यांच्या बायकोने लिहून ठेवलं म्हणून. टिळक १९१९ साली गेले. पुस्तक चार भागांत आलं ते १९३४ ते १९३६ या काळात, आणि त्याच १९३६ मध्ये लक्ष्मीबाईही गेल्या. म्हणजे नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, त्याच्या नावाभोवती आदराचं वलय तयार झालेलं, आणि अशा वेळी एक वयस्क विधवा त्याचा राग, त्याचा बेजबाबदारपणा आणि त्याची माया एकाच सुरात सांगते. आवाज चढवत नाही, म्हणून तिने सोडून दिलं असं तुम्हाला वाटलं. मला वाटतं, आवाज चढवला नाही म्हणूनच तिचा एकही प्रसंग खोटा ठरवता येत नाही.

दुसऱ्या आक्षेपाजवळ मला जास्त थांबायचं आहे, कारण तिथे तुम्ही लक्ष्मीबाईंवर अन्याय करता आहात. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. अकराव्या वर्षी लग्न झालेली, आता पदरात लहान मुलगा, नवरा जिवंत आणि तरी संसार मोडलेला. सगळं गणगोत एका बाजूला, टिळक दुसऱ्या बाजूला. ती निव्वळ नाइलाजाने वागणारी असती तर तिच्यापुढे एक सरळ वाट होती. माहेरच्या आधाराने, सहानुभूती घेत, जिवंत नवऱ्याची 'बिचारी' बायको म्हणून राहायचं. समाज त्याला तयार होता. काही वर्षं ती तशी राहिलीही. पंढरपूरच्या मुक्कामाबद्दल तिने लिहिलं आहे ते पुन्हा वाचा.

मग ती टिळकांकडे गेली, पण धर्म बदलून नाही. आपलं सोवळं आणि आपला वेगळा स्वयंपाक घेऊन गेली. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली, आणि दोघं एका घरात. कुणाच्याही हातचं खायला-प्यायला ती तयार झाली, ती नगर-राहुरीकडच्या त्या दिवसांत स्वतः विचार करून. जात माणसांनी केलेली आहे, या निष्कर्षावर ती नवऱ्याच्या व्याख्यानाने आली नाही. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. नवऱ्यामागे फरफटत गेलेली बाई वाटेत इतकी थांबत नाही. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तावरचं काव्य पुढे तिनेच पुरं केलं, तेही मला याच स्वभावातलं वाटतं. याला मी ओढ म्हटलं आणि अजूनही म्हणते. ओढ असलेल्या माणसाला नाइलाज नसतोच असं मात्र मी म्हटलेलं नाही. तिच्या आयुष्यात दोन्ही होतं. आपण वाचक त्यातलं एकच खरं मानून दुसरं पुसायला निघतो.

आता बेबीताई. 'जिणं आमुचं' 'स्त्री' मासिकात १९८२ मध्ये येऊ लागलं, पुस्तक निघालं १९८६ साली. त्याआधी वीसेक वर्षं त्या फलटणला आपल्या दुकानात बसून लिहीत होत्या आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवत होत्या. दुकानात माल बांधायला येणारी रद्दी वाचून ज्यांनी वाचनाची भूक भागवली, त्या बाईने वह्या लपवल्या कुणाच्या भीतीने, हे वेगळं सांगायला नको. नवऱ्याचा संशय आणि मार यांबद्दल त्या पुढे माया पंडित यांच्याशी बोलल्या. पंडितांच्या इंग्रजी अनुवादासोबत ती मुलाखत २००८ साली छापून आली. म्हणजे लपवायचं होतं असंही नाही. पुस्तकात मात्र त्यांनी आपल्या महार समाजाचं दुःख लिहायचं ठरवलं, आणि आपला संसार त्याच्या मध्यभागी येऊ दिला नाही.

तुम्ही त्याला अपुरेपण म्हणता. मग त्यांनी काय लिहिलंय ते बघा. आठ-नऊ वर्षांच्या सुना, पहाटेच्या आधी उठवून दळायला बसवलेल्या. मुलाला चिथावून सुनेचं नाक कापायला लावणाऱ्या सासवा. स्वतःच्या वडिलांबद्दल लिहिताना त्यांचा उदार हात सांगितला, आणि त्यांनी आईला घरात कोंडून ठेवलं तेही सांगितलं. त्या कोंडण्याने आई कशी कडवट होत गेली, हेही लेकीनेच लिहिलं. आपल्या वस्तीतल्या घरांवर इतका स्वच्छ उजेड पाडणाऱ्या बाईने स्वतःच्या खोलीचं दार लावून घेतलं, तर ते दार ढकलायचा आपल्याला काय हक्क? ज्याने सोसलं त्याने सगळं आपल्यासमोर मांडलंच पाहिजे, ही आपली मागणी मला अलीकडे फार टोचते. दुःख सोसणाऱ्याचं. किती सांगायचं आणि कुणाच्या हयातीत सांगायचं, तेही त्यानेच ठरवायचं. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याबद्दल लिहिलं, बेबीताईंनी नाही लिहिलं. दोघींच्या भोवतीचं जगही वेगळं होतं. महार बाईने आपल्या पुरुषाच्या मारहाणीबद्दल लिहिलं की सवर्ण वाचक त्याचं काय करतो, हे बेबीताईंना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. हा माझा तर्क आहे, त्यांचं म्हणणं नव्हे.

तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत 'नातं' म्हणजे सोसणं असंच धरलेलं आहे. म्हणून आनंद यादवांच्या 'झोंबी' या आत्मचरित्रात्मक कादंबरीतल्या आईची आठवण करून देते. कागलच्या त्या घरात बापाने पोराची शाळा सोडवली आणि त्याला मळ्यात जुंपलं. आई रडत बसली नाही. नवऱ्याशी समोरून भांडून निभाव लागणार नाही हे तिला माहीत होतं. ती पोराला घेऊन गावातल्या वजनदार दत्ताजीराव देसायांकडे गेली, नवऱ्याची सगळी हकीकत सांगितली आणि आम्ही येऊन गेलो हे त्याला कळू देऊ नका, असंही बजावलं. दत्ताजीरावांनी बापाला खडसावलं. बापाने अटी घातल्या, शाळेआधी पाणी पाजायचं, शाळा सुटल्यावर गुरं चारायची, मळ्यात काम पडलं तर शाळा बुडवायची. पोराने कबूल केलं आणि मराठीला एक लेखक मिळाला. त्या आईचा डाव हाही कुटुंबातलाच बंध आहे. ती नवऱ्याला सोडून गेली नाही आणि त्याच्या मनासारखंही होऊ दिलं नाही. तुमच्या मांडणीत या बाईला जागा कुठे आहे?

मुलींच्या हातात ही पुस्तकं द्यावीत का? द्यावीत, आणि मुलग्यांच्या हातात आधी द्यावीत. 'स्मृतिचित्रे' देताना त्यातले चारदोन गमतीचे प्रसंग निवडून न देता सगळं पुस्तक द्या, कारण पाठ्यपुस्तकातल्या वेच्यांनीच लक्ष्मीबाईंना नुसती हसरी आजी करून टाकलं आहे, आणि तुमचा निम्मा राग मला त्या वेच्यांवरचा वाटतो. 'जिणं आमुचं'बरोबर ती मुलाखतही मिळवून द्या. वाचून मुली चिडल्या तर चिडू द्यात. तुमच्यासारखंच कुणी तरी लिहून विचारेल, आणि मला उत्तर द्यायला आवडेल.