‘बिचाऱ्या नवऱ्या’ची काळजी करणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे, म्हणून उत्तरही लांबणार. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की, नवरा-बायकोला सायकलवर वरचेवर बाहेर पडायचं असेल तर दोघांनी एकाच क्लबमध्ये, एकाच ग्रुपमध्ये जावं. त्यावर तुम्ही लिहिलंत, “ताई, राग मानू नका, पण याला सायकलिंग नाही, सहल म्हणतात. तुमच्यासाठी बिचाऱ्या नवऱ्याला आपला वेग सोडावा लागतो, याचा कधी विचार केलात?” त्याच्यापुढे महिलांचे वेगळे ग्रुप, दुसऱ्या सायकलीचा खर्च, रस्त्यावरची सुरक्षितता आणि सगळ्या क्लबांत हळू ग्रुप नसतो, हे मुद्दे आहेत.

शेवटचा मुद्दा मान्य. काही क्लबांत एकच ग्रुप असतो आणि तो सुसाट जातो. तिथे माझा सल्ला चालणार नाही. हे लेखात एका वाक्यात यायला हवं होतं, ते आता घातलं आहे.

आता राग मानण्याबद्दल. ‘राग मानू नका’ असं आधी म्हणून ठेवलं की पुढे काहीही बोलायची मुभा मिळते, असं बऱ्याच जणांना वाटतं. मी राग मानला आहे. माझं मत खोडून काढलंत म्हणून नव्हे. मतं खोडण्यासाठीच प्रतिक्रियेची जागा ठेवली आहे. राग याचा आला की, ज्या माणसाला तुम्ही कधी भेटला नाहीत त्याला ‘बिचारा’ ठरवलंत आणि त्याच्या वतीने तक्रारही करून टाकलीत. त्याने केली नाही, तुम्ही केलीत. आमच्या दोघांत कोण कोणासाठी थांबतं, हे त्या लेखात कुठेही लिहिलेलं नाही. बाई लिहितेय म्हणजे तीच मागे राहत असणार, हे तुम्हीच गृहीत धरलंत. लेख शेवटपर्यंत वाचलात की नाही, याचीही मला शंका आहे.

मग सांगतेच. सपाट रस्त्यावर तो माझ्या पुढे असतो. चढ लागला की मी त्याच्या पुढे असते. आम्ही दोघं काही जगावेगळे नाही; हे सायकलच्या गणितातच आहे. सपाटीवर ताशी वीस किलोमीटरच्या वर गेलं की तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. चढावर हवा बाजूला राहते. तिथे प्रश्न एवढाच की, स्वतःचं आणि सायकलचं वजन वर न्यायला पायांत किती जोर आहे.

आकड्यांत बघा. एक जण ८० किलोचा, तो तासभर २०० वॉट काढू शकतो. दुसरी ५६ किलोची, ती १५० वॉट काढते. सायकल दोघांचीही दहा किलोची धरा. चढावर त्याच्या वाट्याला किलोमागे सुमारे २.२ वॉट येतात, तिच्या वाट्याला जवळपास २.३. म्हणजे ती कांकणभर पुढेच. सपाटीवर त्याची ताकद तिच्यापेक्षा एक तृतीयांशाने जास्त आहे, पण त्या घनाच्या हिशेबामुळे वेगातला फरक फार तर दहा टक्के पडतो. तो ताशी ३० ने गेला तर ती साधारण २७ ने जाईल. तिला एकटीला ३० गाठायचं तर तिलाही २०० वॉट लागतील, आणि तेवढे तिच्याकडे नाहीत. पण ती कुणाच्या तरी मागच्या चाकाला धरून चालली तर पुढचा माणूस हवा कापतो आणि तिची पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. पाव वाचली तरी २०० चे १५० होतात. तेवढे तिच्याकडे आहेत. ड्राफ्टिंग म्हणतात ते हेच. आणि यात त्याला वेग सोडावा लागत नाही, तो ३० नेच चालला आहे.

या कामासाठी क्लबच का, दोघं का पुरत नाहीत, ते लेखात लिहिलं होतं, पुन्हा लिहिते. दोघंच असले की पुढे कायम तोच. वारा कायम त्याच्याच अंगावर. तासाभराने तो चिडतो, आणि आपल्यामुळे चिडला म्हणून ती खट्टू होते. आठ जणांच्या रांगेत पुढची पाळी बदलत राहते. तोही मागे येऊन दम खातो. तिलाही कधी मिनिटभर पुढे राहायला मिळतं, आणि ते मिनिट ती आठवडाभर विसरत नाही.

मी हे ऐकून-वाचून सांगत नाही. चाळिशी ओलांडल्यावर सायकलवर परत आले. पहिलं वर्षभर आम्ही दोघंच जायचो. तो पुढे निघून जायचा आणि वळणावर सायकल टेकवून उभा राहायचा. मी धापा टाकत पोचले की म्हणायचा, “आलीस? चल.” म्हणजे जो दमला नव्हता त्याची विश्रांती झालेली, आणि जी दमली होती तिला एक घोट पाणी प्यायलाही सवड नाही. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. थांबलो होतो ना, एवढंच त्याला दिसत होतं. शेजारी शेजारी चालवायचो तेव्हा त्याचं पुढचं चाक सारखं माझ्यापेक्षा अर्धं चाक पुढे. मी बरोबरीला यायला जोर लावायची, की तो पुन्हा अर्धं चाक पुढे. क्लबमध्ये याला ‘हाफ-व्हीलिंग’ म्हणतात आणि असं करणाऱ्याला सगळ्यांदेखत टोकतात. मी वर्षभर सांगत होते ते त्याला पटत नव्हतं. राईड लीडरने पहिल्याच दिवशी “तिच्या चाकाच्या बरोबरीने चाक ठेवून चल” म्हणून सांगितलं आणि ती सवय गेली. नवरा-बायकोने एकमेकांना शिकवायला जाऊ नये, तिसऱ्याने शिकवावं, हे मी त्या दिवसापासून म्हणते.

मला त्याच लीडरने रांगेत दुसऱ्या जागेवर ठेवलं. मी शेवटी राहायला निघाले होते. तो म्हणाला, शेवटी राहणाऱ्याला प्रत्येक वळणानंतर तुटलेलं अंतर भरून काढावं लागतं. नवख्याने पुढच्या अनुभवी माणसाच्या मागेच राहावं. त्याच्या टायरकडे टक लावून बघू नको, खांद्यावरून पुढचा रस्ता बघ. तुझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला सरकू देऊ नको, कारण चाकं घासली तर पुढचा सहसा वाचतो, मागचा पडतो. तो पायडल मारायचा थांबला की मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलची टकटक ऐकू येते, ती ऐकली की तूही पाय हलका कर. एवढं सगळं मला घरच्या माणसाने सांगितलं असतं तर मी दोनदा तरी उलटून बोलले असते.

राहिला ‘सहल’ हा शब्द. तुमच्या मते जो आपल्या पूर्ण वेगाने जात नाही तो सायकलस्वारच नाही. फ्रान्समध्ये १९०४ पासून ‘ऑडॅक्स’ नावाचा प्रकार चालत आला आहे. त्यात सगळा ग्रुप रोड कॅप्टनच्या मागे, ठरलेल्या वेगाने, एकत्र जातो. आज तो वेग ताशी साडेबावीस किलोमीटर आहे. कॅप्टनच्या पुढे जाऊन वेग दाखवायला तिथे जागाच नाही. आणि अंतरं असतात दोनशे किलोमीटर आणि त्याहून पुष्कळ जास्त. तिथल्या कुणाला एकदा विचारा, सहल कशी झाली. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झाली. आज तीच १२०० किलोमीटरची राईड जास्तीत जास्त ९० तासांत पुरी करायची असते, आणि टँडेमवर, म्हणजे दोघांनी मिळून पायडल मारायच्या एकाच सायकलवर, ती करणारेही असतात. टँडेमवर तर कुणी कुणाला मागे टाकायचा प्रश्नच येत नाही. त्यांना कुठल्या रकान्यात घालणार?

तुम्ही लिहिता की, हळू माणसाबरोबर गेल्याने तुमचा व्यायाम वाया जातो. जाईल, जर तुम्ही आठवड्यातून एकदाच सायकल काढत असाल. मी लेख लिहिला होता तो वरचेवर बाहेर पडण्याबद्दल. माणूस राईडला जात नाही त्याची कारणं वेगाशी संबंधित नसतात. गजर बंद करून पुन्हा झोपणं, घरातलं कुणीतरी “आज राहू दे ना” म्हणणं, आपण नाही गेलो तर कुणाला कळणार आहे हा विचार, ही ती कारणं. दोघंही जाणार असतील तर “राहू दे ना” म्हणायला घरात कुणी उरत नाही. क्लबची वेळ ठरलेली असते, आणि कोपऱ्यावर सहा जण हेल्मेट घालून उभे असतात. तुम्हाला तुमचा वेग हवाच असेल तर मधल्या वारी एकट्याने जा, जीव तोडून चालवा, कोण अडवतंय? माझा नवराही जातो. त्यावर मी काहीही म्हटलेलं नाही.

महिलांचे वेगळे ग्रुप असावेत, जरूर असावेत. त्याचा माझ्या मुद्द्याशी संबंध नाही. खर्चावर वेगळं लिहीन. सुरक्षिततेबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते दोघांनाच काय, एकट्यालाही लागू आहे.

नवऱ्याला तुमची प्रतिक्रिया वाचून दाखवली. त्याला उत्तर द्यायचं नाही म्हणाला, पण पुढच्या वेळी चढावर तुम्ही आमच्याबरोबर या, असा निरोप दिला आहे. निमंत्रण मनापासून आहे. ग्रुपमध्ये जागा आहे, आणि आमच्याकडे मागे राहिलेल्याला सोडून जात नाहीत. येताना एवढं करा, मला ‘ताई’ म्हणायचं असेल तर त्याच वाक्यात माझ्या नवऱ्याची कीव करू नका. प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ‘एकाच ग्रुपमध्ये जा’ हे वाक्यही लेखात तसंच राहील.