नवा फोन, मे महिन्याचं ऊन अन् संत्र्याचं एक पान

नव्या फोनला काल तीन आठवडे झाले. बऱ्याच जणांनी विचारलं, कोणता घेतला, कसा आहे, आम्ही घेऊ का. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्या एका कंपनीपुरतं नाही. मी राहतो नागपुरात आणि काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या संत्रा बागांना सल्ला देतो. आठवड्यातले चार दिवस बागेत जातात. फोन हे माझं कामाचं हत्यार आहे, म्हणून 'कॅमेरा मस्त, बॅटरी मस्त' एवढ्यावर माझं भागत नाही.

जुना फोन जानेवारी 2020 मधला. घेतला अन् दोन महिन्यांत लॉकडाऊन लागला. बागेत जाणं बंद झालं, तेव्हा शेतकऱ्यांनी पानांचे, फळांचे, बुंध्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला सुरुवात केली. पुढे सगळं सुरू झालं तरी ती सवय राहिली. पान समोरून, पान उलटं करून, बुंध्यावर आलेला डिंक, गळून पडलेली फळं ओंजळीत घेऊन. सकाळी सहापासून हे फोटो येतात आणि त्यावरून मी सांगतो की थांबा, किंवा फवारणी घ्या, किंवा मी येतो. त्या फोननं पाच वर्षं साथ दिली. शेवटच्या वर्षात मात्र दुपारी दोनला बॅटरी 20 टक्क्यांवर यायची, फोटो उघडायला वेळ लागायचा आणि सुरक्षेचे अपडेट येणं तर कधीचंच थांबलं होतं. बँकेचं ॲप ज्या फोनवर चालतं त्याचे अपडेट बंद असणं बरं नाही, म्हणून बदलला.

घ्यायला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलो, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी एकला. वेळ मुद्दाम तीच निवडली. दुकानात एसी चालू. विकणारा मुलगा चांगला होता, मन लावून दाखवत होता. फोटोतला मागचा माणूस कसा पुसून टाकता येतो, रात्रीचा फोटो दिवसासारखा कसा निघतो. मी म्हटलं, "दादा, हे दोन्ही फोन घेऊन जरा बाहेर उन्हात येतो का?" तो आधी थबकला. मग मालकाला विचारून आला.

फुटपाथवर उभे राहिलो. दोन्ही फोनच्या खोक्यावर स्क्रीनच्या उजेडाचा आकडा जवळपास सारखाच, काही हजार निट्स. तो आकडा खोटा नसतो, पण तो असतो स्क्रीनच्या लहानशा भागाचा आणि थोड्या वेळापुरता. अख्खी स्क्रीन भरउन्हात तेवढी उजळत नाही. दोन्हीवर एकच मराठी मेसेज उघडून ठेवला. पहिली दोन-तीन मिनिटं दोन्ही छान वाचता आले. मग एका फोनची पाठ चटका लागेल इतकी तापली आणि स्क्रीन आपोआप मंद झाली. तळहाताची सावली धरल्याशिवाय अक्षर दिसेना. दुसराही तापला, पण अक्षर वाचता येत होतं. मी तोच घेतला. तो मुलगा म्हणाला, "सर, असं कोणी पाहूनच नाही राहिलं आजवर." नागपुरात हे सगळ्यांनी पाहायला पाहिजे, असं माझं मनापासून मत आहे. आपण फोन घेतो 24 अंशांच्या दुकानात आणि वापरतो 44 अंशांत.

घरी आल्यावर खोक्यातली पुस्तिका वाचली. वापरण्याचं तापमान लिहिलंय 0 ते 35 अंश सेल्सिअस. बहुतेक फोनचं हेच असतं. मे महिन्यात आपल्याकडे 35 अंश सकाळी नऊ-दहालाच होतात. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंशांची नोंद झाली आहे. 2024 च्या मे महिन्यात शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की तो सेन्सरचा बिघाड होता. आपल्या उन्हात यंत्रांवर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न मला तेव्हापासूनच पडलेला आहे.

लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत, उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था. म्हणून नव्या फोनमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय दिसली, ती पहिल्याच दिवशी चालू केली. पाऊस येईपर्यंत तशीच ठेवणार. चार्जिंगला पहाटे लावतो. गाडीच्या डॅशबोर्डवर, काचेखाली फोन ठेवणं बंद केलं. आणि एक विनंती, तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नका, कूलरच्या ओल्या वाऱ्यासमोरही धरू नका. आत बाष्प धरतं. कव्हर काढा, सावलीत ठेवा, दहा मिनिटं हात लावू नका. एवढं पुरतं.

बाकीचं थोडक्यात. व्हॉट्सॲप जुन्यावरून नव्यावर क्यूआर कोड दाखवून सरळ आलं, पाच वर्षांचे फोटो धरून. रात्रभर लागली. गूगल ड्राइव्हवरच्या बॅकअपचा मार्ग नको वाटला, कारण आता तो बॅकअप आपल्या फुकटच्या 15 जीबीत मोजला जातो आणि माझे फोटोच त्याच्या कितीतरी पट आहेत. यूपीआयला सिमवरून मेसेज जाऊन नव्यानं नोंदणी झाली आणि पहिला दिवस मोठी रक्कम पाठवता आली नाही. हे ठीकच आहे, चोरानं नवा फोन जोडला तर हाच एक दिवस आपल्याला वाचवतो. पण फोन बदलताय त्या दिवशी मजुरांचे पैसे द्यायचे असतील तर रोख काढून ठेवा. 5जी शहरात जोरात चालतं. ऑक्टोबर 2022 मध्ये एअरटेलनं ज्या आठ शहरांत सुरुवात केली त्यात आपलं नागपूर होतं. बागेत मात्र फोन सारखा 5जी शोधत राहतो आणि त्यातच बॅटरी जाते, म्हणून शहर सोडलं की मी सेटिंगमधून 4जीवर आणतो.

मराठीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. नव्या फोनच्या कीबोर्डवर 'शेतकऱ्यांना' बरोबर उमटतं, 'ऱ्या' सकट. जुन्यावर कितीतरी वर्षं 'शेतकर्यांना' असं चुकीचं जायचं आणि ते पाहून मला दरवेळी वाईट वाटायचं. ज्यांच्यासाठी लिहितोय त्यांचंच नाव नीट लिहिता येऊ नये? 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये वेगळं आहे, कीबोर्डवर ते कुठं ठेवलंय एवढाच प्रश्न असतो. ज्यांना सापडत नसेल त्यांनी 'र' दाबून धरून पाहा.

बोलून लिहिणं आता फार सुधारलंय. मराठीत ही सोय गूगलनं 2017 मध्ये आणली, तेव्हा मी दोन दिवसांत बंद केली होती. आता पूर्ण वाक्य बरोबर येतं. आमच्या वऱ्हाडी-नागपुरी बोलण्यावर अजून अडखळतं. 'पाणी देऊन राहिलो' म्हटलं तर समजतं, 'काऊन' (म्हणजे 'का') म्हटलं तर नाही. पण खरा धोका तो नाही, धोका आकड्यांचा आहे. बोर्डो पेस्टचं, म्हणजे बुंध्याला लावायच्या बुरशीनाशक लेपाचं, प्रमाण बोलून लिहिलं, 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. उमटलं '1 किलो मोर चूक' आणि पाणी 2 लिटर. मी पाठवण्याआधी वाचलं म्हणून बरं. औषधाचं, खताचं, फवारणीचं प्रमाण कुणीही बोलून पाठवू नये. हातानं टाइप करावं, दोनदा वाचावं.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहितोय ते.

दुसऱ्या आठवड्यात कळमेश्वरकडच्या एका बागेत होतो. पानं फिकट वाटली. वहीत लिहिलं, 'जस्त? लोह?' आणि नव्या फोननं फोटो काढले. संध्याकाळी घरी लॅपटॉपवर उघडले तर पानं हिरवीगार. मला वाटलं दुसऱ्या बागेचे फोटो उघडले. तारीख पाहिली, वेळ पाहिली, तीच बाग. नमुन्याची पानं वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती, ती ओट्यावर मांडली. खिडकीपाशी उजेड होता तोवर जुन्या फोननं एक फोटो काढला, नव्यानं एक. जुन्या फोटोत पान फिकट, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळसर, जसं डोळ्याला दिसत होतं अगदी तसं. नव्या फोटोत तेच पान तजेलदार हिरवं, पिवळेपणाची नुसती झाक.

नवा कॅमेरा समोर काय आहे ते ओळखतो. झाडपाला दिसला की हिरवा रंग गडद करतो, आकाश दिसलं की निळा, चेहरा दिसला की डाग पुसतो. लोकांना फोटो छान दिसावा म्हणून ही सोय आहे. पण संत्र्याच्या पानावर पिवळा रंग ही बातमी असते. जस्त कमी पडलं तर नवी पानं लहान, अरुंद होतात आणि शिरांच्या मधला भाग पिवळा पडतो. लोह कमी असेल तर नव्या पानावर शिरांचं बारीक हिरवं जाळं राहतं आणि बाकी पान फिकटतं. मॅग्नेशियम कमी असेल तर जुन्या पानावर देठाकडे हिरवा त्रिकोण उरतो. आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंचे पिवळे चट्टे एकमेकांशी जुळत नसतील तर ग्रीनिंग या रोगाची शंका घ्यावी लागते, ज्यावर उपाय नाही आणि जो सायला किडीमार्फत शेजारच्या झाडांवर जातो. तेव्हा पान अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत दाखवणं भाग असतं. हा सगळा निवाडा पिवळ्या रंगाच्या जागेवर आणि छटेवर चालतो. कॅमेऱ्यानं तीच छटा झाकली तर माझ्याकडे उरलं काय?

त्या रात्री झोप लागली नाही, कारण मला काटोल तालुक्यातले एक काका आठवले. त्यांच्या मुलानं दिवाळीत त्यांना नवा फोन घेऊन दिला होता. त्यांचे मागचे फोटो काढून पाहिले. दिवाळीआधीचे फोटो साधे, थोडे धूसर. दिवाळीनंतरचे स्वच्छ, सुंदर, हिरवेगार. आणि प्रत्येकाखाली माझं उत्तर, 'बाग छान आहे, काही करू नका.' सहा महिने मी हेच लिहीत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच दिसलं. शेंड्याकडची पानं लहान राहिलेली, पिवळी पडलेली, आंबिया बहराची फळगळ नेहमीपेक्षा जास्त. काका काही रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, मी तर फोटो पाठवतच होतो ना." मी त्यांच्या फोनमधलं रंग सजवणारं ते सेटिंग बंद केलं, एक पान तोडून फोटो काढला आणि त्यांना आधीच्या फोटोशेजारी दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. मग मुलाला हाक मारली, "हे पाह्य बाप्पा इकडे."

माझं म्हणणं स्पष्ट आहे. कॅमेऱ्यात एक बटण असं पाहिजे, जे दाबलं की फोन काहीही सजवणार नाही, समोर जे आहे ते देईल. ते तीन मेनूंच्या आत लपवलेलं नको, समोर पाहिजे आणि त्यावर मराठीत लिहिलेलं पाहिजे. आज सगळं हातानं ठरवायचा प्रो मोड असतो, पण तो माझ्या काकांनी कसा वापरायचा? शेतकरी फोटोवरून सल्ला घेतो, 2021 पासून ई-पीक पाहणीही, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, शेतात उभं राहून फोटो काढूनच करतो. घरच्यांच्या अंगावरच्या पुरळाचा फोटो डॉक्टरांना पाठवतो. हे फोटो मिरवायला काढलेले नसतात.

तोवर, जे मला फोटो पाठवतात त्या सगळ्यांना मी हे कळवलंय. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'एआय' किंवा 'सीन' असं काही असेल ते बंद करा. पान तोडून झाडाच्या सावलीत आणा, थेट उन्हात नको. खाली पांढरा कागद ठेवा, म्हणजे कागद पांढरा दिसतोय की नाही यावरून मला रंगाचा अंदाज येईल. एक फोटो पानाच्या पाठीचा घ्या, कारण कोळशीची माशी तिथंच बसते. जुना फोन घरात पडून असेल तर विकू नका, पानांच्या फोटोंसाठी ठेवा. माझा जुना फोन मी बॅटरी बदलून पुन्हा पिशवीत टाकलाय.

आज सकाळी काकांचा फोटो आला. नातवाच्या वहीचं पान फाडून त्यावर संत्र्याची तीन पानं ठेवलेली, देठ एका रेषेत. कागद पांढरा, त्यावरच्या निळ्या ओळी नीट दिसत होत्या. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, कुठलीही शंका राहू नये इतकी. मी जस्ताच्या फवारणीचं प्रमाण लिहिलं, ऊन उतरल्यावर संध्याकाळीच फवारा म्हणून कळवलं. एकेक आकडा हातानं टाइप केला, दोनदा वाचला, मग पाठवला.